रेघ गुळगुळीत पाहिजे

आधीच सांगतो, यात पदरचा एकही शब्द घातलेला नाही. माझ्या डोळ्यांसमोर जे झालं तेवढंच लिहितोय.  

आणखी एक. या पेजवरचे अनुभव बहुतेक मध्यरात्रीचे असतात, ओसाड रस्त्यावरचे. माझा भर दुपारचा आहे. मोठ्या हॉस्पिटलमधला. सगळे दिवे चालू, आणि समोर चांगली शहाणीसुरती माणसं.

मी त्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात काम करतो. माझी मोठी बहीण, म्हणजे ताई, तिथेच हृदयविकाराच्या वॉर्डात नर्स आहे. माझ्या कितीतरी आधीपासून.

आमच्या विभागाच्या साहेबाला सगळे मागून 'गुळगुळीत' म्हणतात. कारण त्याला सगळं गुळगुळीत लागतं. बूट, टेबल, बोलणं आणि पडद्यावरची रेघ. ऑफिसात समोरासमोर मी त्याला अहो-जाहो करायचो. इथे 'तो'च म्हणणार आहे. मान द्यायची माझी इच्छा उरलेली नाही.

आता वॉर्ड कसा आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

प्रत्येक रुग्णाची वेगळी खोली. काचेच्या भिंती, काचेचं सरकतं दार. रुग्णाच्या बोटाला क्लिप, छातीला वायरी. खाटेजवळच्या यंत्राचा आवाज बंद ठेवलेला, म्हणजे कुणाची झोप मोडत नाही. सगळ्यांचे ठोके एका सर्व्हरवर जातात. कुणाचा ठोका बिघडला की तो सर्व्हर नर्सच्या टेबलावरचा बझर वाजवतो. नर्स पळते.

एवढंच. त्या बझरवर माणसं जगतात.

पण त्याच सर्व्हरवर आणखी एक काम लादलेलं होतं. वॉर्डाच्या दाराशी एक भलामोठा पडदा. त्यावर सगळ्या खाटांच्या ठोक्यांच्या हिरव्या रेघा पळत असतात. पाहुणे येतात, बघतात, खूश होतात. साहेबाचा जीव त्या पडद्यात.

तो पडदा अडखळायचा. रेघ मध्येच थबकायची आणि उडी मारून पुढे जायची.

एक दिवस त्याने मला बोलावलं.

"पुढच्या शनिवारी देणगी देणारे लोक येतायत. रेघ गुळगुळीत पाहिजे."

"मशीन जुनं आहे साहेब. नवीन घ्या, नाहीतर पडद्याचं काम दुसऱ्या मशीनवर टाकू."

"ते नंतर. आत्ता पडद्याला रिअल-टाइममध्ये टाक. आणि ती मर्यादा काढून टाक."



कॉम्प्युटर न कळणाऱ्यांसाठी सांगतो. मशीनच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. एकाच वेळी शंभर प्रोग्राम काम मागत असतात. कुणाला किती वेळ द्यायचा, कुणाचा नंबर आधी, हे कर्नल ठरवतो. दवाखान्याच्या दाराशी नंबर पुकारणारा माणूस असतो ना, तसा. त्याला कोणाकोणाला पुढे घ्यायचं हे आपण सांगू शकतो. रिअल-टाइम म्हणजे या माणसाला थांबवायचंच नाही, आला की थेट आत. पण असा एखादा आत जाऊन बसलाच तर बाहेरचे मरतील. म्हणून कर्नल एक मर्यादा ठेवतो. थोडा वेळ तरी बाकीच्यांसाठी राखून ठेवायचाच. ती मर्यादा काढता येते. शहाण्या माणसाने काढू नये.

"साहेब, पडदा अडकला तर बझरला वेळच मिळणार नाही."

"अडकणार नाही."

"अडकला तर?"

"तू फार पुस्तकं वाचतोस," तो हसून म्हणाला. "बरं, राहू दे."

मी ते सेटिंग केलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पडद्यावरची रेघ लोण्यासारखी. मग ती कुणी केली, भुताने?

मी त्याच्या केबिनमध्ये गेलो. तो फोनवर होता. हातानेच 'नंतर' म्हणाला. ते 'नंतर' शनिवारपर्यंत आलंच नाही.

शनिवारी दुपारी पाहुणे आले.

खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा होते. आयुष्य बस स्टँडच्या तिकीट खिडकीत गेलेलं. ताईचे फार लाडके. कधीही काही हवंय का विचारलं की म्हणायचे, बाकीच्यांचं बघा पोरी, मी थांबतो. दम लागला की तोंडाने श्वास घ्यायचे. त्यांचा ठोकाही वेगळाच. चार सरळ, मग एक चुकायचा. ताई म्हणायची, पडद्यावर नाव झाकलं तरी मी त्यांची रेघ ओळखेन.

त्या दुपारी जेवून ते झोपले. ताईने त्यांच्या खोलीचा पडदा ओढला आणि शेजारच्या खोलीत सलाईन बदलायला गेली. जाता-येता ती मोठ्या पडद्याकडे बघत होती. आजोबांची रेघ पळत होती. चार सरळ, एक चुकलेला. बझर गप्प होता.

पण आजोबा केव्हाच गेले होते.

पडद्याचा प्रोग्राम अडकला होता. आणि अडकताना तो मशीनचे चारही कोअर, म्हणजे काम करणारे चारही हात, धरून बसला होता. मर्यादा काढलेली. ठोके आणणाऱ्या प्रोग्रामला वेळ मिळेना. बझरच्या प्रोग्रामलाही मिळेना. मग पडदा काय दाखवत होता? जुनी रेघ. ठोके यायला उशीर झाला तर मागचाच तुकडा पुन्हा दाखवायचा, म्हणजे रेघ तुटत नाही, ही सोयसुद्धा साहेबानेच हट्टाने करून घेतलेली.

मेलेल्या माणसाची रेघ गुळगुळीत पळत होती आणि त्याखाली उभं राहून पाहुणे फोटो काढत होते.

पाहुण्यांच्या नावाची पाटी पडद्यावर येईना म्हणून साहेब चिडला. सर्व्हर खोलीत गेला आणि सरळ बटण दाबून मशीन बंद केलं, परत चालू केलं.

मशीन उठलं आणि बझर वाजला.

ताई धावली. हात लावला आणि तिला कळलं. अंग गार पडायला लागलं होतं.

खाटेजवळच्या यंत्रात ठोका थांबल्याची वेळ होती. ताई पोचल्याचीही होती. मधली सगळी मिनिटं ताईच्या नावावर लागली. बझर वाजत होता आणि नर्स जागेवर नव्हती, असं साहेबाने स्वतःच्या सहीने लिहून दिलं. ताईला घरी बसवलं. सोमवारी चौकशी ठेवली. दोषी ठरली असती तर नोकरी जाणारच होती, पुन्हा कुठेही नर्स म्हणून उभं राहता आलं नसतं.

आणि पुरावा?

शून्य. चालत्या कर्नलला हाताने दिलेलं सेटिंग मशीन बंद झालं की पुसलं जातं. ते कायम राहायला हवं असेल तर वेगळं लिहून ठेवावं लागतं, आणि साहेबाने ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. मशीन उठलं ते नेहमीच्या सेटिंगवर, धुतल्या तांदळासारखं. त्याने काय टाइप केलं होतं तेही त्याने पुसून टाकलं. एवढं एक त्याला चांगलं जमतं.

आजोबांची मुलगी ताईच्या समोर येऊन उभी राहिली होती. ओरडली नाही, रडली नाही. फक्त विचारलं, "तुम्ही कुठे होतात?"

ताई त्या रात्री जेवली नाही. मी भिंतीवर मूठ मारली, तर म्हणाली, "हात मोडून घेऊ नकोस. एवढ्यात मला कुणाचीच सेवा करायची नाहीये."

रविवारी दुपारी मी सर्व्हर खोलीत गेलो. काहीतरी खूण राहिली असेल म्हणून.

विभागात कोणी नव्हतं. खोलीत फक्त पंख्यांचा आवाज. तो मोठाच असतो, शेजारच्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं.

मी चालू प्रोग्रामची यादी उघडली. प्रत्येक खाटेमागे बझरचा एक छोटा प्रोग्राम असतो. रुग्ण असला की असतो, खाट रिकामी झाली की जातो.

खिडकीजवळची खाट रिकामी होती. यंत्र काढून कपाटात ठेवलेलं. वायरी गुंडाळलेल्या. मी स्वतः बघून आलो होतो.

तरी यादीत...

त्या खाटेची ओळ होती.

पुढे लिहिलेलं: तयार, पण थांबलेला. काम करायला सज्ज, फक्त नंबर लागायचा बाकी.

काहीतरी राहून गेलं असेल, असं म्हणून मी ती बंद केली. गेली.

यादी पुन्हा काढली. होती.

पुन्हा बंद केली. पुन्हा होती. मग मी शेजारच्या रकान्यात पाहिलं. किती वेळ थांबलाय, तो रकाना.



मशीन शनिवारी साहेबाने बंद करून चालू केलं होतं. त्यावरच्या कुठल्याही प्रोग्रामचं वय त्याहून जास्त असूच शकत नाही. ही ओळ त्याहून आधीपासून थांबलेली होती. मी वजाबाकी केली. ताईवर जितक्या मिनिटांचा ठपका होता, बरोबर तितकीच मिनिटं आधीपासून.

मी मोबाइलने फोटो काढला. फोटोत सगळ्या ओळी आल्या. तेवढी एक नाही.

तेवढ्यात...

पंख्यांचा आवाज थांबला.

मी वर पाहिलं. पंखे फिरत होते. गरागरा फिरत होते. आवाज मात्र नव्हता.

मी खुर्ची मागे सारली. तिचाही आवाज आला नाही. घसा खाकरला. काही नाही. मी टाइप करत होतो आणि मॉनिटरवर अक्षर उमटत नव्हतं. बोटं उचलली, मांडीवर ठेवली, आणि मग अक्षरं उमटायला लागली. एकेक करून. सावकाश.

मी ताईला फोन लावला. तिने उचलला.

"ताई, मी सर्व्हर खोलीत आहे, इथे काहीतरी..."

"अरे बोल ना."

"बोलतोय ना. ऐकू येतंय का?"

"बोलत का नाहीस? कोण आहे तुझ्या शेजारी?"

"कोणी नाही."

"कुणाला तरी दम लागलाय. अरे, त्यांना बसव आधी. तोंडाने श्वास घेतायत ते." तिचा आवाज एकदम नर्सचा झाला. आणि मग... ती थांबली. हळूच म्हणाली, "बारक्या, बाहेर ये. आत्ता बाहेर ये."

मी उठलो आणि पंख्यांचा आवाज धाडकन परत आला.

दारात साहेब उभा होता.

"रविवारी काय करतोयस इथे?"

भीती होती, पण त्याचा चेहरा बघून ती बाजूलाच पडली. मी त्याला हाताला धरून मॉनिटरसमोर आणलं. "वाचा साहेब. खाट वाचा. वेळ वाचा."

त्याने वाचलं. त्याच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं. त्याला सगळं कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो.

"प्रोग्राममधला बग आहे," तो म्हणाला. वाकून त्याने स्वतः ती ओळ बंद केली. ती परत आली. त्याने पुन्हा बंद केली. परत आली. तिसऱ्यांदा त्याने मॉनिटरचंच बटण दाबलं.

"उद्या चौकशीत सेटिंगचा 'स' काढलास तर बहीण जाईलच, तूही जाशील. घर दोघांच्या पगारावर चालतं ना तुमचं?"

"एक माणूस मेलाय साहेब."

"म्हातारा होता. जायचाच होता."

माझा हात उठला होता. कसा आवरला मला माहीत नाही. तो गेल्यावर मी एकच गोष्ट केली. माझी स्वतःची खिडकी, म्हणजे ज्यातून मी मशीनला आज्ञा देतो ती, पडद्याच्या प्रोग्रामच्याही वरच्या क्रमांकावर ठेवली. काही झालं तरी निदान मला दिसेल. ताईला घरी जाऊन सगळं सांगितलं. 

सोमवारी दुपारी चौकशी वॉर्डातच झाली. मोठे डॉक्टर, नर्सांच्या प्रमुख मेट्रनबाई, साहेब, ताई आणि नर्सच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून मशीन चालवायला मी. बाकीच्या रुग्णांना तात्पुरतं दुसऱ्या मजल्यावर हलवलेलं.

मी सगळं सांगून टाकलं. सेटिंग, मर्यादा, अडकलेला पडदा. मेट्रनबाईंना अर्धं कळलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "पुरावा?"



साहेब उठला. मऊ आवाजात म्हणाला, "भावाला बहिणीची माया असणारच. आपण प्रत्यक्षच बघू ना. मीच झोपतो खाटेवर. क्लिप काढली की बझर वाजतो की नाही, सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

तो खिडकीजवळच्याच खोलीत गेला. कपाटातलं यंत्र त्याने स्वतः जोडलं. बूट न काढता खाटेवर आडवा झाला. आजोबांच्या खाटेवर, बूट न काढता. ताईने मान फिरवली.

काचेचं दार त्याने आतून सरकवून घेतलं. मोठ्या पडद्यावर त्याची रेघ पळायला लागली. त्याने हसून हात वर केला आणि बोटाची क्लिप काढली.

बझर वाजला नाही.

सगळे थांबलो. साहेबाने क्लिप लावली, पुन्हा काढली.

काही नाही.

मी कॉम्प्युटरवरच्या माझ्या खिडकीत पाहिलं. पडदा रिअल-टाइममध्ये होता. मर्यादा काढलेली होती. शनिवारी होतं तस्संच. माझे हात मांडीवर होते, मोठे डॉक्टर माझ्या खांद्यामागे उभे होते. त्यांनीही पाहिलं.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी नाही."

"मग बझर का वाजत नाही?"

"मी तेच सांगत होतो, डॉक्टर."

तेव्हा ताईने माझा दंड घट्ट धरला. ती मोठ्या पडद्याकडे बघत होती.

"ही साहेबांची रेघ नाही," ती म्हणाली.

चार सरळ... एक चुकलेला.

चार सरळ... एक चुकलेला.

मेट्रनबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनाही ती रेघ माहीत होती.

आत साहेब उठून बसला होता. काहीतरी बोलत होता. ओठ हलत होते, पण काचेतून एरवी ऐकू येणारा आवाज येत नव्हता. तो दाराशी आला. दार ओढलं. त्या दाराला कुलूपच नाही, लहान पोरही सरकवेल. ते हललं नाही. बाहेरून डॉक्टरांनी जोर लावला. हललं नाही.

साहेबाने काचेवर थापा मारल्या. एकही थाप ऐकू आली नाही.

मग त्याचा हात गळ्याशी गेला. तो मागे मागे जात खाटेवर बसला. तोंड उघडं. तोंडाने श्वास.

"काहीतरी कर," डॉक्टर माझ्यावर ओरडले.

मी मर्यादा परत लावली. मशीनने ऐकलं नाही. पडद्याचा प्रोग्राम बंद केला. ऐकलं नाही. यादी काढली.

खिडकीजवळची खाट यादीत दोनदा होती.

एक ओळ आत्ताची. साहेबाची. तयार, थांबलेली.

दुसरी शनिवारपासूनची.

या दोनपैकी कुठल्याही ओळीवर गेलो की मशीन पुढची आज्ञा घ्यायला तयार होत होतं. बाकी कुठेच नाही. म्हणजे एका वेळी एकालाच पुढे घेता येणार होतं. आधी कुणाला, ते मी ठरवायचं.

खोटं बोलणार नाही. मला बरं वाटलं. काचेमागे तो तडफडत होता आणि माझ्या मनात स्वच्छ आलं, थांब की. आता तू थांब. बघ कसं वाटतं.

माझी बोटं हलेनात.

"बारक्या," ताई म्हणाली. आवाज शांत होता. "आधी कोण आलंय?"

"आजोबा."

"मग त्यांना घे. दुसऱ्याला लगेच मागोमाग घे. माझ्यादेखत कुणाला मारू नकोस."

मी शनिवारची ओळ सगळ्यांच्या वर नेली.

बझर वाजला.

इतका मोठा मी तो कधी ऐकला नव्हता. ताई पळाली. तिने दाराला हात लावला आणि ते सहज सरकलं. साहेब खाटेच्या या कडेला होता. ती त्याला वळसा घालून पलीकडे गेली, उशीशी वाकली, आणि चादरीवर कुणाचा तरी हात असावा तशी दोन बोटं ठेवली.

"आले मी, आजोबा," ती म्हणाली.

तिथे कोणी नव्हतं. मी काचेतून बघत होतो, डॉक्टर बघत होते, मेट्रनबाई बघत होत्या. रिकामी चादर होती. पण तिच्या बोटांखाली... चादर दबत नव्हती. बोटं चादरीच्या जरा वर टेकलेली होती.

मी साहेबाची ओळ वर घेतली. बझर दुसऱ्यांदा वाजला आणि साहेब खाटेवरून खाली कोसळला.

तो जगला. ताईनेच जगवला. खाली बसून, त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून, डॉक्टर शॉकचं यंत्र घेऊन येईपर्यंत. नंतर डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर गेले.

चौकशीचा निकाल दोन ओळींचा आला. तांत्रिक बिघाड. कोणाचाही दोष नाही. ताई कामावर परत. सेटिंग कोणी बदललं याचा उल्लेख नाही. तब्येतीच्या कारणाने साहेबाला मुख्य कार्यालयात पाठवलं, वरच्या पदावर. तिथेही पडदा असेलच.

कोणाचाही दोष नाही. हे वाक्य वाचलं की अजून माझं डोकं फिरतं.

आजोबांच्या मुलीला आम्ही दोघं भेटलो. जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. बझर वाजलाच नव्हता, हे तिला कळायला हवं होतं. तिने ताईचा हात हातात घेतला. मला वाटलं, संपलं आता सगळं.

ताईला मात्र चैन नव्हतं. भांडी घासताना थांबायची. स्वतःच्या दोन बोटांकडे बघत राहायची.

शेवटी मी विचारलंच. "त्या दिवशी तुला काय लागलं गं हाताला?"

"मनगट."

"गार?"

"नाही." तिने नळ बंद केला. "गरम होतं. आणि नाडी चालू होती रे. अगदी बारीक, पण चालू. मी वेळेवर पोचले होते. अजून थोडा वेळ मिळाला असता तर मी त्यांना काढलं असतं त्यातून. मला माहीत आहे ना माझं काम."

"मग?"

"मग काय. साहेब पडले. एकट्या माणसाने काय करायचं? मला तो हात सोडावा लागला."

ती पुन्हा भांडी घासायला लागली. मी तिथेच उभा होतो. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, त्या दिवसानंतर मी ती प्रोग्रामची यादी परत काढून बघितली का, आजोबांची ओळ गेली का.

मी अजून बघितलेली नाही.